गमछा ही एक गोष्ट, परमा दुसरी

दिनकरराव, आज पहिल्यांदा तुझ्याशी एकेरीत बोलतो आहे. इतकी वर्षं आपण अहो-जाहो करत भांडलो. तू मला फादर म्हणायचास, मी तुला दिनकरराव, आणि त्या आदबीच्या आडून आपण एकमेकांना नको नको ते बोललो. पण आपल्या मराठीत देवाला आणि मेलेल्या माणसाला एकेरीतच हाक मारतात. देवाशी माझं सध्या जेवढ्यास तेवढं आहे. उरलास तू.

तुझ्या तेराव्याला मी झाशीतल्या नगरा वस्तीत, तुझ्या घरी आलो होतो. ब्राह्मण जेवून उठले होते, भांडी अजून मोरीत पडायची होती. खुंटीवर तुझी गार्डाची टोपी तशीच होती. वहिनींनी, म्हणजे तुझ्या सुमनने, मला टोपीखालच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "फादर, शेवटी शेवटी फार शांत झाले होते हे. तुमच्याकडे जाणं-येणं होतं ना, त्याचाच गुण." इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहायची गळही त्यांनीच घातली. "तुम्ही वसईचे. तुमची मराठी साफ. आमची तर इथे खिचडी होऊन बसली. तुम्ही लिहा, मी मुलांना वाचून दाखवीन. त्यांना बोललेलं समजतं, वाचायला जमत नाही."

मी बरं म्हटलं. त्या 'शांत' शब्दावर काही बोललो नाही. गप्प बसणं हा माझा पेशाच आहे. दर शनिवारी संध्याकाळी जाळीआड बसायचं, रेल्वे कॉलनीतल्या लोकांची पापं ऐकायची आणि ती पोटात ठेवून मरायचं. तुझं मात्र मी सांगणार आहे. सांगता येतं, कारण तुझा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि तू माझ्यापाशी जे बोललास ते आमच्या नियमाने पापनिवेदन ठरत नाही. शिवाय तुझं लपलेलं काही नव्हतंच. जे चौकशीत सांगितलंस तेच मला सांगितलंस. लपलेलं आहे ते माझं.

तुझी हकीकत मंडळातल्या बऱ्याच जणांना अर्धीमुर्धी माहीत आहे, म्हणून आधी ती सरळ सांगून टाकतो.

तू मालगाडीचा गार्ड. हिवाळ्यातली सकाळ, माणसं दिसावीत पण चेहरे दिसू नयेत एवढा कोहरा. एका लहान स्टेशनावर गाडी उभी होती. व्हॅक्यूम ब्रेकचा पाइप सुटला होता आणि तो जोडायला परमा खलाशी, रेल्वेचा मजूर, दोन डब्यांच्या मध्ये शिरला होता. अशा वेळी लाल झेंडी लावायचा नियम. पण नियमापेक्षा तुमच्यातला रिवाज पक्का होता. आत शिरणाऱ्याने आपला गमछा डब्याच्या दांडीला बांधायचा आणि बाहेर आला की सोडून घ्यायचा. गमछा दांडीवर आहे तोवर माणूस आत. झेंडी सरकारी, ती माणूस विसरतो. थंडीच्या दिवसांत स्वतःचा गमछा कोणी विसरत नाही. तुम्हा सगळ्यांचा भरवसा त्या फडक्यावर होता आणि तो भरवसा कधी खोटा पडला नव्हता.

त्या दिवशी हल्के नावाचा एक नवा खलाशी तिथून शेकोटीकडे निघाला होता. रिवाज त्याला कोणी सांगितला नव्हता. दांडीला गमछा लोंबताना दिसला, त्याने सोडला आणि कानांवरून डोक्याला गुंडाळला. चौकशीत तो एकच वाक्य बोलत राहिला, "हमने सोची कोऊ भूल गओ, सो उठा लओ," कोणी विसरला वाटलं, म्हणून उचलला. तुला गाडीच्या शेवटच्या डब्यातून, ब्रेकव्हॅनमधून दिसलं ते एवढंच, की दांडीवर गमछा नाही आणि परमाचा लाल चौकटींचा गमछा डोक्याला बांधलेला माणूस शेकोटीकडे चालला आहे. तू हिरवी बत्ती हलवलीस. इंजिनाने हिसका दिला. परमा आतच होता.

चौकशीत तुझ्याकडे दोष आला नाही. माणूस बाहेर आला असं समजायला तुला कारण होतं, असं ठरलं. तू कामावर परत गेलास. त्यानंतर तुला एकच गोष्ट हवी होती, आणि ती शेवटपर्यंत तुला कोणाकडून मिळाली नाही. कोणीतरी एका माणसाने, ज्याला तुझ्याकडून काही नको आहे अशा माणसाने, तुझ्याकडे बघून म्हणावं, की झालं ते झालं, आता घरी जा. कारकुनांनी लिहून दिलेलं तुला पुरलं नाही. तू त्यासाठी माझ्याकडे आलास. इतकं सरळ मागणं होतं, आणि मी त्याचं काय केलं ते तुझ्या मुलांना त्यांच्या आईच्या तोंडून ऐकायला लागणार आहे.

तू माझ्याकडे आलास तो मात्र वाकड्या वाटेने. एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बायकामुलांसकट देश सोडून निघाला होता आणि त्याचं सामान सदर बाजारात विकायला आलं होतं. ब्रेकव्हॅनमध्ये वेळ जावा म्हणून तू त्यातून पुस्तकांचा एक गठ्ठा उचललास. त्यात मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकात जेमतेम दोन-तीन पानं एका माणसावर. चौदाव्या शतकात पॅरिसला शिकवणारा, तर्क आणि धर्मशास्त्र दोन्ही जाणणारा. पोपच्या दरबारी त्याच्यावर खटला चालला आणि आपलं लिखाण त्याला चारचौघांसमोर जाळावं लागलं. त्याचं नाव मी इथे घालत नाही, तूही कधी घेतलं नाहीस. तू त्याला 'जळका मास्तर' म्हणायचास.

जळून जे उरलं ते थोडं. एका फ्रान्सिस्कन साधूशी त्याचा पत्रांतून वाद चालला होता. त्यातली बहुतेक पत्रं गेली, दोन शाबूत राहिली. एक ग्रंथ कसाबसा राहिला. आणि राहिली त्याच्या चुकांची यादी, जी त्याला शिक्षा करणाऱ्यांनी नीट जपली. "बघा फादर," तू म्हणालास, "दोस्तांनी काही ठेवलं नाही, दुश्मनांनी ठेवलं. माणसाला जिंदा ठेवायचं तर त्याच्यावर चांगला मुकदमा भरावा." तू असा बोललास की मला हसू यायचं, आणि हसू आलं याचा रागही यायचा.

मी पुण्याला धर्मशास्त्र शिकत असताना हा माणूस आम्हाला फक्त खोडून काढण्यापुरता शिकवला होता. त्याचं म्हणणं साधं आहे आणि साधं आहे म्हणूनच ते अंगावर येतं. एकच गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही, असं होत नाही, एवढं पक्कं. त्यापुढे, एक वस्तू आहे एवढ्यावरून दुसरी एखादी वस्तू आहे असं निःशंकपणे काढता येत नाही. आगीला कापूस लागला की पेटतो हे आपण कितीही वेळा पाहिलं असलं, तरी पुढच्या खेपेला पेटेलच हे आपल्याला माहीत नसतं. तशी आपल्याला सवय असते, अंदाज असतो. त्याला ज्ञान म्हणू नये. असं म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचे कागद आगीत टाकायला लावले, यावर तू पोट धरून हसला होतास. "टाकताना त्याला उम्मीद असेल हो, की बघू, ह्या खेपेला जळत नसतील."

तुला ती दोन पत्रं मूळ लॅटिनमधून हवी होती. मी पुण्याहून नक्कल मागवली. ड्यूटीवरून उतरलास की अंगावरची कोळशाची भुकटी न झटकता तू चर्चच्या मागच्या ओसरीवर यायचास आणि आपण एकेक वाक्य मराठीत उतरवायचो. तुझी मराठी झाशीची, माझी वसईची, मध्ये ते लॅटिन. तिघांचं जमेपर्यंत चहा गार व्हायचा. आता खरं सांगतो, तुझं लॅटिन शेवटपर्यंत कच्चं राहिलं. विभक्ती तुला कधी आल्या नाहीत. अर्थ तू अंदाजाने ओढून आणायचास आणि तो पुष्कळदा बरोबर निघायचा, याचा मला त्रास व्हायचा. मंडळातले लोक तुला चिडवायचे, "गार्डसाहेब, एक दिवस कोटाखालून क्रूस निघायचा." वहिनी म्हणायच्या, "जेवायला घरी येत जा म्हणजे झालं, मग व्हा कोणाचे व्हायचे ते."

आणि एका शनिवारी तू जाळीपलीकडे येऊन बसलास. बाहेर बायका रांगेत होत्या. तू त्यांच्यात टोपी हातात घेऊन उभा राहिला असशील, झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातला भटाचा मुलगा. मला आधी कोळशाचा वास आला, मग तुझा आवाज.

"फादर, मी आहे."

"दिनकरराव, ही जागा—"

"माहीत आहे. थोडं ठहरा. परमाचं तुम्हाला सगळं माहीत आहे, ते परत सांगत नाही. तुम्ही लोकांना शेवटी जे म्हणता ना, ते मला म्हणा."

"पापक्षमा? ती मला तुम्हाला देता येत नाही. तुम्ही ख्रिस्ती नाही."

"बरं. मग लॅटिनमधलं राहू द्या. साध्या मराठीत म्हणा."

"साध्या मराठीत काय म्हणू?"

तुला वाटलं असेल, हा खरोखर विचारतो आहे. म्हणालास, "ते मी सांगितलं तर त्याला काय अर्थ राहिला?"

जाळीच्या एवढ्या जवळ होतास की तुझा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "गुरुवारी या. बोलू."

हे मी केलं. नियमाच्या मागे लपलो असं म्हणता येईल, पण तेही खरं नाही. नियमाने मला संस्कार द्यायची मनाई होती, तोंड उघडायची नव्हती. मी तोंड उघडलं नाही कारण मला अवघडल्यासारखं झालं. रोज वाद घालणारा माणूस असा वाकून समोर येतो तेव्हा त्याच्याविषयी थोडी किळस वाटते. मला वाटली.

गुरुवारी तू आलास, आणि त्या शनिवारबद्दल आपण कधीच बोललो नाही. मास्तरवर बोललो. तू आता त्याच्याकडे दुसऱ्याच कामाला लागला होतास, हे माझ्या लगेच लक्षात आलं. माझ्याकडून जे मिळालं नाही ते तू त्याच्याकडून काढायला बघत होतास. एका गोष्टीवरून दुसरी निघत नाही ना, मग माझ्या बत्तीवरून परमाचं मरण कसं निघतं, हे तुझं चाललं होतं. मी दर वेळी ते खोडत होतो. आमच्या शाळेत शिकवलेली सगळी हत्यारं माझ्याकडे होती. आग आणि कापूस यांच्यात देवाने घालून दिलेली व्यवस्था आहे, करणाऱ्याला आपल्या कृतीचं फळ चुकत नाही, वगैरे. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "हे सगळं त्या साधूनेही त्याला लिहिलं असणार. मास्तर ऐकला का?" नाही ऐकला. तूही नाही.

मधेच एकदा मी तुला विचारलं, "परमाच्या घरी गेलात कधी?"

"गेलो होतो. बाईने पाणी दिलं."

"आणि?"

"आणि काही नाही. बोलली नाही. मी पाणी प्यालो, आलो." मग तू माझ्याकडे पाहिलंस. "पाणी दिलं म्हणजे काय समजायचं फादर? माफ केलं?"

"काही समजू नका," मी म्हणालो. "पाणी दिलं म्हणजे पाणी दिलं. तुमच्या मास्तरला विचारा."

तू हसलास. मला वाटलं, चांगला टोला बसला.

आता तो दिवस. होळी होऊन गेली होती, दुपारचं तापायला लागलं होतं. तू कोऱ्या शर्टात आलास, हातात सदर बाजारातल्या हलवायाकडची इमरतीची पुडी. दाढी केलेली. ओसरीवर चढता चढताच म्हणालास, "फादर, आज सुटलो मी."

मग तू मांडलंस. मी कबूल करतो, त्याच्याआधी तू इतकं नीट कधी मांडलं नव्हतंस. तू बत्ती हलवलीस ही एक गोष्ट. ड्रायव्हरने वाफ सोडली ही दुसरी. डबा सरकला ही तिसरी. परमा मेला ही चौथी. यांतल्या कोणत्याही एकीत पुढची बसलेली नाही. हजार वेळा बत्ती हलवली आणि कोणी मेलं नाही. तेव्हा बत्तीत मरण नव्हतं. "दुःख राहील," तू म्हणालास, "ते जाऊ नये. परमा माझ्यासमोर मेला, ते दुःख माझंच आहे. लेकिन खून माझा नाही. हे मला कोणी दिलं नाही फादर, मी काढलं. त्या दोन पत्रांतून." आणि माझ्यासमोर पुडी उघडून धरलीस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तू देखणा माणूस नव्हतास, पण त्या दिवशी बरा दिसलास.

त्या मांडणीत फटी होत्या. पण एवढंच असतं तर मी इमरती घेतली असती आणि गप्प बसलो असतो. गप्प बसण्यात मी निष्णात आहे. मला सहन झालं नाही ते दुसरंच. तू सुटत होतास आणि त्यात माझा हात नव्हता. माझा संस्कार, माझी जाळी, माझी पंचवीस वर्षं, यांतलं काही तुला लागलं नव्हतं. आम्ही ज्याला जाळायला लावलं त्या माणसाच्या उरल्यासुरल्या दोन पत्रांवर, कच्च्या लॅटिनच्या जोरावर, एक मालगाडीचा गार्ड माझ्या ओसरीवर बसून मोकळा होत होता. मला हेवा वाटला. तो मी त्याच क्षणी ओळखला, आणि ओळखून बोललो.

"दिनकरराव, तुमचा मास्तर उलटाही वाचता येतो."

"कसा?"

"त्या सकाळी तुम्ही काय पाहिलंत?"

"माणूस बाहेर येताना."

"नाही. नीट सांगा. काय पाहिलंत?"

पुडी अजून हातातच होती. "गमछा."

"आणि काय धरून चाललात?"

तू उत्तर दिलं नाहीस. मीच दिलं. "गमछा ही एक गोष्ट, परमा दुसरी. एकावरून दुसरं निघत नाही, हे तुमच्या मास्तरचं एकुलतं एक म्हणणं. तेवढं त्या दिवशी पाळलं असतंत, चेहरा पाहिला असतात, तर बत्ती हलली नसती. त्याला पकडून सुटायला बघता आहात, आणि तुमच्याविरुद्ध पहिला साक्षीदार तोच आहे."

एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी जिंकलेला हा एकच वाद. तो निर्विवाद जिंकलो. तू पुडी स्टुलावर ठेवलीस, गार झालेला चहा संपवलास, कप बशीत उपडा घातलास. म्हणालास, "बरोबर आहे." मग टोपी घेतलीस आणि गेलास. तू गेल्यावर मी इमरती खाल्ली. चांगली होती.

त्यानंतर तू आला नाहीस. मला वाटलं, रुसला असेल, येईल. पुढचं मला कॉलनीतल्या लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. गार्डसाहेबांना नवीनच खूळ लागलं आहे. गाडी कुठे थांबली आणि कोणी डब्यांमध्ये शिरला, की ते ब्रेकव्हॅनमधून उतरतात, खडीवरून चालत त्या डब्यापर्यंत जातात, तो माणूस बाहेर आला की त्याचा चेहरा स्वतः बघतात, चालत परत येतात, आणि मग झेंडी दाखवतात. लाल झेंडी काढलेली असो, गमछा सोडलेला असो, कोणी ओरडून सांगो, त्यांना ते चालत नाही. चेहरा हवा. गाड्या रखडायला लागल्या, तुला जाब विचारला गेला, तू लेखी उत्तर दिलंस की चेहरा पाहिल्याशिवाय मला माहीत नसतं. खलाश्यांची करमणूक झाली. नव्या नवरीचं तोंड बघायचा विधी असतो, त्यावरून ते म्हणायचे, "आ गए गार्ड साब मुँह-दिखाई करने, घूँघट कर लो रे." मला हे एकाने हसत हसत सांगितलं. मीही हसलो. हसलो, कारण न हसतो तर त्याने विचारलं असतं, काय झालं.

मला ठाऊक होतं हे कुठून आलं. माझं वाक्य तू शब्दशः घेतलं होतंस. मास्तर स्वतःही इतका मास्तरसारखा जगला नाही. त्याने कागद जाळले, चुका कबूल केल्या आणि पुढे एका गावच्या चर्चमध्ये मोठ्या जागेवर निवांत राहिला म्हणतात. तू काही जाळलं नाहीस. तू मे महिन्यात भर दुपारी, लूचा गरम वारा वाहत असताना, मालगाडीच्या कडेने खडी तुडवत चाललास.

मी नगऱ्यात येऊन एवढंच म्हणायला हवं होतं, की दिनकर, पुरे. तुझ्या घरापर्यंत सायकलने फार वेळ लागत नाही. एकदा इलाइट चौराह्याला तू समोरून येताना दिसलास. बारीक झाला होतास, रापला होतास. मी फळवाल्याशी भाव करायला लागलो. तू थांबलास की नाही ते मी पाहिलं नाही.

शेवटी कुठल्याशा लहान स्टेशनावर तू असाच उतरलास. ज्याचा चेहरा बघायला गेलास तो खलाशी तुझ्या प्रेताबरोबर झाशीपर्यंत आला होता. दवाखान्याच्या दारात त्याने मला सांगितलं, "गार्ड साब ने हमाओ मों देखो, कई के ठीक है, फिर उतईं बैठ गए." माझं तोंड पाहिलं, ठीक आहे म्हणाले आणि तिथेच बसले. तो रडत होता. तो तुझ्या मुँह-दिखाईला हसणाऱ्यांतला होता की नव्हता, मी विचारलं नाही. त्या दिवशी झेंडी हललीच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. ऊन निमित्त.

आता मला तुझा मास्तर लागतो आहे. माझं वाक्य ही एक गोष्ट, तुझं चालणं दुसरी, ऊन तिसरं, हृदय चौथं. एकावरून दुसरं निघत नाही. हे मी रोज सकाळी मिस्सा झाल्यावर रिकाम्या चर्चमध्ये बसून मांडतो. मांडणी तुझ्यापेक्षा चोख आहे, लॅटिनसुद्धा चोख आहे. आणि दर वेळी शेवटाला मीच मला विचारतो, की फादर, ओसरीवर तू काय पाहिलंस? गप्प बसलेला माणूस. आणि काय धरून चाललास? पटलेला माणूस. तुझी वाट मी बंद केली तेव्हा मला माहीत नव्हतं की ती माझीही आहे. आणि बंद मी चांगली केली. तेवढं काम मला येतं.

तुझे आभार मानायला हवेत, तेही मानतो. मला झाशीत इतक्या वर्षांत भेटलेला तू एकच माणूस, ज्याला खरंच काही जाणून घ्यायचं होतं. तुझ्या गाडीखाली नंतर कोणी मेलं नाही. ही दोन पत्रं मराठीत आहेत ती तुझ्यामुळे. ती कोण वाचणार, हे मला माहीत नाही. तुझी मुलं नाही वाचणार. हे आधी बोललो नाही कारण तुला वाईट वाटलं असतं. जिथे वाईट वाटू द्यायचं नव्हतं तिथे मात्र माझी जीभ सैल सुटली.

इथपर्यंत लिहून मी काल थांबलो आणि कागद वहिनींकडे घेऊन गेलो. अंकात जाण्याआधी त्यांनी वाचावं असं वाटलं. त्यांनी मला त्याच खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला पुढे ठेवला, चष्मा लावला आणि दारात उजेडाला बसून सगळं वाचलं. दोन्ही मुलं आत रेडिओ लावून बसली होती. त्यांनी तो बंद करायला सांगितला नाही. पेला माझ्यासमोर होता. प्यावं की नाही ते मला कळेना.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर सारखे केले.

"शांत वगैरे काही नव्हते ते," त्या म्हणाल्या. "बोलत नव्हते. रात्री-अपरात्री उठून मुलांच्या तोंडाकडे बघत बसायचे. मला काय दिसत नव्हतं?"

"मग तेराव्याला तुम्ही—"

"तुमचं तोंड बघवेना त्या दिवशी. खुर्चीत असे बसला होतात. वाटलं, चला, यांना तरी बरं वाटू दे. म्हणून म्हटलं, फादर. एवढं काय लागतं म्हणायला."

मी पेला उचलला आणि तसाच परत ठेवला.

"तेव्हा मला हे माहीत नव्हतं." त्यांनी कागदांवर बोट ठेवलं. "आता झालं माहीत. ते म्हटलेलं मी परत घेते."

"छापू नको का?"

"छापा ना. सांगितलंय तर छापा. मुलांना मी वाचून दाखवीन. सगळं. इमरतीसकट."

कागद त्यांनी माझ्या हातात दिले. मी उठलो, चपला घातल्या, पायऱ्या उतरलो. गल्लीत अजून दुपारचं ऊन होतं. मागून त्यांचा आवाज आला, "जा आता घरी. ऊन लागेल."

रागाने म्हणाल्या, की काळजीने, की नुसतंच, ते आवाजावरून मला काढता येईना. तुझ्याकडून एवढं तरी शिकलो आहे. चेहरा बघायला मी मागे वळलो. दार लागलेलं होतं.